भिंतीवरच्या रेषा, वहीतले सेकंद

कोण कशासमोर किती वेळ थांबतो हे मोजायला स्टॉपवॉच घेऊन प्रेक्षकाच्या नकळत त्याच्या मागे फिरायचं, ही संग्रहालयांतली जुनी रीत. येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड रॉबिन्सन यांनी १९२८ मध्ये अशा नोंदींवर पुस्तकच काढलं. पुढे आर्थर मेल्टन यांनी १९३५ मध्ये दाखवलं की दालनात शिरलेली बहुतेक माणसं उजवीकडे वळतात. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या अभ्यासात एका चित्रासमोरचा सरासरी वेळ भरला २७.२ सेकंद. निम्म्या वेळा मात्र प्रेक्षक १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते. रेंगाळणाऱ्या थोडक्यांनी सरासरी फुगवली, एवढंच.

या सगळ्या मोजणीत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: चित्राला चौकट असते.

रुमानियाचे चित्रकार दान पेर्झोव्स्की यांनी ती चौकटच काढून टाकली. तिथला हुकूमशहा चाउशेस्कू याच्या १९८९ मधल्या पाडावानंतर ते बुखारेस्टच्या ‘२२’ या साप्ताहिकासाठी चित्रं काढत. १९९९ च्या व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांनी जमिनीवर रेखाटनं केली आणि प्रेक्षकांच्या पायांनीच ती पुसत गेली. कुठे जास्त पाय पडले, हे फरशीच सांगत होती! २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा’ या आधुनिक कलेच्या संग्रहालयात उंच भिंतीवर त्यांनी काळ्या मार्करने युद्ध, बाजार, कलाविश्व यांवर टोकदार रेखाटनं केली. तीही उद्घाटनाआधीचे दोन आठवडे, संग्रहालय उघडं असताना, लोकांच्या देखत.

अशा भिंतीपुढे निरीक्षकाचा जुना नोंदतक्ता अडखळतो. दोन्ही पाय थांबले, तोंड चित्राकडे, दोन-तीन सेकंद झाले की ‘थांबा’ लिहायचा, हा नेहमीचा नियम. पण समोर शेकडो चित्रं असतील तर नक्की कशासमोर? म्हणून भिंतीचा फोटो घेऊन त्यावर चौकोन आखावेत, प्रत्येकाला क्रमांक द्यावा आणि मान कुठल्या चौकोनाकडे आहे तेवढंच टिपावं. हसणं, बोट दाखवणं, सोबत्याला हाक मारणं, फोटो काढणं यांसाठी वेगळ्या खुणा. चित्रकार काम करत असेल त्या वेळचे नोंदीचे कागद बाजूला ठेवावेत. तेव्हा माणसं रेघेपेक्षा हात जास्त बघतात.

मोठी चूक होते ती कोणाची नोंद घ्यायची या निवडीत. हसणारा चेहरा निरीक्षकाला खेचतो. त्यामुळे जमिनीवर एक रेघ मनात धरायची आणि आधीच्या माणसाचा कागद भरून झाल्यावर ती ओलांडणारा पहिला प्रौढ घ्यायचा, मग तो कितीही कंटाळलेला दिसो. दोन निरीक्षकांनी सुरुवातीला तीच दहा-पंधरा माणसं स्वतंत्रपणे नोंदून ताळा बघावा. ‘हसला’ या खुणेवर मतभेद निघू शकतात.

आणि हसला म्हणजे पटलं, असंही नाही. कित्येक जण सोबतचा हसला म्हणून हसतात. बाहेर पडताना ‘कोणतं चित्र आठवतं, त्यात काय होतं?’ एवढंच विचारावं. विनोद चित्रातल्या इंग्रजी शब्दावर उभा असेल आणि प्रेक्षकाला इंग्रजी येत नसेल, तर तो चार सेकंदांत निघून जातो. तक्त्यात मात्र त्याची नोंद ‘रस नाही’ अशी पडते. प्रत्येक कागदावर तारीख आणि त्या दिवशीचा भिंतीचा फोटो क्रमांक हवाच, कारण प्रदर्शन संपलं की भिंतीवर पांढरा रंग फिरतो.