कलामहोत्सव, कोल्हापूर

कोल्हापूर शहरात आणि जिल्ह्यात स्थानिक गायक-वादक, चित्रकार, शिल्पकार, शाहीर व लोककलावंत यांनी एकत्र येऊन आपली कला खुल्या जागी लोकांसमोर मांडण्याची प्रथा. या प्रथेला एकच एक संयोजक नाही. कलासंस्था, कला महाविद्यालये, तालीम मंडळे आणि कधी शासन आपापल्या परीने असे महोत्सव भरवतात. तिकीट बहुधा नसते आणि कलावंत पेठेतले किंवा शेजारच्या गावचे असतात. त्यामुळे व्यासपीठावर कोण उभा आहे, तो कुणाचा शिष्य, हे समोरच्या निम्म्या लोकांना आधीच माहीत असते. दाद मोकळी मिळते आणि चूकही लगेच पकडली जाते.

कोल्हापूरला 'कलापूर' म्हणतात, त्याचे मूळ संस्थानी काळात आहे. गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ सालची. राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँ यांना दरबारी आश्रय दिला. आबालाल रहिमान (सु. १८६०–१९३१) यांना दरबारी चित्रकार नेमले. शाहूंच्या निधनानंतर आबालाल यांनी आपली कितीतरी चित्रे कोटीतीर्थ तलावात सोडून दिली, अशी आख्यायिका शहरात आजही सांगतात. खरीखोटी कशीही असो, राजाश्रय गेला तर कलावंताचे काय होते, ही धास्ती तिच्यात नेमकी उतरली आहे. पुढे तो आश्रय दरबाराकडून पेठांकडे आला. गणेशोत्सवातले सजीव देखावे, नवरात्रात अंबाबाई मंदिराच्या आवारातली भजन-गायनाची सेवा, शिवजयंतीचे पोवाडे यांतून वर्गणीवर चालणारे कलाजीवन उभे राहिले. आजचा कलामहोत्सव थेट याच वर्गणीच्या पावती पुस्तकाचा वारस आहे, दरबाराचा नव्हे.

कोल्हापुरात कलांच्या भिंती फारशा जाड कधीच नव्हत्या. आनंदराव व बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवत. बाबूरावांनी (१८९०–१९५४) पुढे 'सैरंध्री' (१९२०) हा मूकपट काढला, शिल्पेही घडवली. चित्र, नाटक, शिल्प आणि सिनेमा एकाच कारखान्यात नांदत होते. शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प इथल्या कुंभारवाड्यांत गणपती घडवता घडवता हात तयार झालेली मुले कला महाविद्यालयात जातात, हा त्याच वळणाचा आजचा भाग. चित्र आणि गाणे एकाच वेळी, एकाच बागेत मांडणारी 'रंगबहार' संस्थेची 'मैफल रंगसुरांची' ही टाऊन हॉलच्या बागेत होणारी मैफल या परंपरेचा सर्वांत बोलका नमुना म्हणावा लागेल.

अशा मैफलीत सर्वाधिक गर्दी व्यक्तिचित्रणाच्या प्रात्यक्षिकाभोवती होते. चौथऱ्यावर खुर्ची, तीवर फेटा बांधलेला जुना पैलवान नाहीतर घोंगडीवाला धनगर, आणि समोर कॅनव्हास. झाडाखाली ऊन सतत सरकत राहते, म्हणून जाणता चित्रकार सुरुवातीलाच गालाच्या हाडाखालची आणि मिशीखालची सावली पक्की करून घेतो. नंतर उजेड कुठेही गेला तरी तो मूळ सावलीला धरून राहतो. नवखा मात्र सरकत्या उन्हामागे धावतो आणि तासाभरात चेहरा पिठूळ होऊन बसतो. पलीकडे शिल्पकार लोखंडी सळीच्या सांगाड्यावर माती चढवत असतो. तिथे बघ्यांना साम्य उशिरा दिसते, पण दिसले की 'नादखुळा' हा कोल्हापुरी कौतुकाचा शेरा ठरलेलाच.

संध्याकाळी लोककलांची पाळी. हलगी, घुमकं आणि कैताळ या वाद्यांचा ताफा आधी व्यासपीठामागे जमतो. हलगीचे कातडे थंडीने सैल पडते. म्हणून रद्दी किंवा पालापाचोळा पेटवून वादक ती शेकतो, बोटाने टिचकी मारून आवाज पाहतो आणि पुन्हा शेकतो. नीट तापलेल्या हलगीचा कडाका चौकाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो. तिच्या तालावर तालमीची पोरे-पोरी मर्दानी खेळ, म्हणजे शस्त्रांची प्रात्यक्षिके करतात: लाठी, पट्टा, विटा. पाठोपाठ धनगरी ढोलांवरचे गजनृत्य, शाहिरी, सवाल-जवाबाची भेदिक गाणी आणि सोंगे घेऊन केले जाणारे सोंगी भजन येते.

महोत्सवांच्या जागा ठरलेल्या आहेत. टाऊन हॉलची बाग, दसरा चौक, तिथलेच राजर्षी शाहू स्मारक भवन आणि त्यातले कलादालन. २०२२ साली शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात बंद पडलेल्या शाहू मिलच्या आवारातही प्रदर्शने व कार्यक्रम झाले. नाटक-संगीताचे हक्काचे घर मात्र शाहूंनीच बांधलेले, १९१५चे पॅलेस थिएटर, म्हणजे आताचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री ते आगीत जळाले. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या व्यासपीठालाही झळ बसली. दुसऱ्याच दिवशी गायक-नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांची जयंती होती. जळका सांगाडा पाहायला आलेले रंगकर्मी रस्त्यावरच रडत उभे राहिले. पुनर्बांधणीची घोषणा लगेच झाली, पण दरम्यान सादरीकरणाचा भार छोट्या सभागृहांवर आणि उघड्या मैदानांवर पडला.

महोत्सवाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पावसाळ्यात उघड्यावर काही करता येत नाही आणि गणपती-नवरात्रात कलावंत आपापल्या मंडळांत अडकलेले असतात. पण हेच ऊसतोडीचे दिवस. सोंगी भजनातले बहुतेक गडी शेतकरी नाहीतर शेतमजूर. दिवसा उसाच्या फडात आणि रात्री सोंगात. त्यांना शहरात बोलवायचे तर गाडीभाडे, जेवण आणि बिदागी यांची तजवीज आधी लागते. ती न करता शाल-श्रीफळावर बोळवण करणारे संयोजक आहेत, आणि त्यांच्याकडे मंडळी दुसऱ्यांदा फिरकत नाहीत.

मोठी अडचण वेळेची. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. व्यासपीठावर प्रत्येक फळीला, म्हणजे कलावंतांच्या संचाला, मोजका वेळ मिळतो. गावच्या चावडीपुढे पहाटेपर्यंत रंगणाऱ्या सोंगी भजनाचे नमन, गण आणि एखादे सोंग होते न होते तोच सूत्रसंचालक घड्याळ दाखवतो. शाहिरांनी यावर तोड काढली आहे: ते चार कडव्यांचा पोवाडा बांधतात. भजनी फळ्यांना अजून ते जमलेले नाही. काही फळ्या महोत्सवात विनोदी सोंग तेवढे करतात आणि उरलेले गावच्या जत्रेसाठी राखून ठेवतात.