माणूस हलतो, क्रमांक कुठे जातो? : सहभागीच्या केंद्रबदलाची पार्श्वभूमी

क्लिनिकल ट्रायलमधल्या (औषधाच्या माणसांवरील चाचणीतल्या) सहभागीने केंद्र, म्हणजे चाचणी चालते ते रुग्णालय, बदलले की पहिला घोळ त्याच्या क्रमांकाचा होतो. समजा क्रमांक ०३-०१७ आहे: ०३ हे केंद्र, ०१७ हा तिथला सहभागी. आता तो ०८ मध्ये गेला, तर जुना क्रमांक चालू ठेवायचा की नवा द्यायचा? दोष बहुतेक वेळा सॉफ्टवेअरला दिला जातो, पण मूळ बरेच जुने आहे.

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९४८ मध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रुग्ण १०७, रुग्णालये अनेक. कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे ठरवायला संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी प्रत्येक केंद्रासाठी, त्यातही स्त्रिया आणि पुरुष यांच्यासाठी वेगवेगळी, यादृच्छिक आकड्यांची मालिका तयार केली होती. बंद पाकिटावर फक्त रुग्णालयाचे नाव आणि क्रमांक. रुग्ण आणि रुग्णालय यांची गाठ अशी पाकिटावरच बांधलेली होती. त्यात वावगे काही नव्हते. महिनोन्महिने खाटेवर पडून असलेला रुग्ण जाणार कुठे?

पुढे चाचण्या वर्षानुवर्षे चालू लागल्या. १९८३ ते १९९३ दरम्यान अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मधुमेहावरच्या डीसीसीटी अभ्यासात २९ केंद्रे आणि १,४४१ सहभागी होते, प्रवेशाच्या वेळी वय १३ ते ३९. शिक्षण, नोकरी, लग्न, सगळे याच वयात. गाव सुटले म्हणून असा माणूस अभ्यासातून गळला, तर ज्या गटात नेमला त्याच गटात त्याला मोजण्याचे तत्त्व कागदावरच राहते. त्यामुळे त्याला जवळच्या केंद्राकडे सोपवणे हेच शहाणपणाचे.

१९९६ च्या आयसीएच-जीसीपी या चाचण्या कशा चालवाव्यात हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी मात्र जबाबदारी केंद्रावरच्या मुख्य संशोधकाकडे ठेवली. सहभागीचे नाव आणि क्रमांक जोडणारी यादी त्याच्याच ताब्यात, प्रायोजकाकडे (चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीकडे किंवा संस्थेकडे) नाही. त्यामुळे केंद्रबदल म्हणजे निव्वळ फाइल पाठवणे नव्हे. नव्या केंद्रात तिथल्या नैतिकता समितीने मान्य केलेल्या पत्रावर पुन्हा संमती घ्यावी लागते. मूळ नोंदी जुन्या केंद्रात राहतात, प्रती पुढे जातात. औषधाचा हिशेब दोन्हीकडे जुळवावा लागतो. अर्धवट राहिलेल्या प्रतिकूल घटनेचा (चाचणीदरम्यान सहभागीला झालेल्या त्रासाचा) पाठपुरावा कोणी करायचा, हे आधी लिहून ठेवलेले नसले की दोन्ही केंद्रे एकमेकांकडे बोट दाखवतात.

ईडीसी, म्हणजे चाचणीच्या नोंदी थेट संगणकावर भरण्याची पद्धत, आल्यावर कागद गेले, पण क्रमांकातला केंद्राचा संकेत टिकला. माझ्या मते ही निव्वळ सवय आहे. चाचण्यांच्या माहितीची मानके ठरवणाऱ्या सीडिस्क या संस्थेच्या एसडीटीएम या माहिती मांडण्याच्या रचनेत लोकसंख्याविषयक (वय, लिंग वगैरेंच्या) तक्त्यात एका सहभागीला एकच ओळ आणि केंद्रासाठी एकच रकाना असतो. नवा क्रमांक दिला आणि जुना जोडला नाही, तर एका माणसाची दोन माणसे होतात. जुना क्रमांक तसाच ठेवून बदलाची तारीख वेगळी नोंदवणे हेच सोपे. यादृच्छिक विभागणी केंद्रनिहाय झाली असेल, तर विश्लेषणात तो सहसा मूळ केंद्राच्याच खात्यावर राहतो.

एरवी अपवाद मानली जाणारी केंद्रबदलाची गोष्ट संकटकाळात मोठ्या प्रमाणावर करावी लागली. मार्च २०२० मध्ये कोविडच्या काळात युरोपीय नियामकांनी सहभागींना धोक्याच्या भागाबाहेरच्या किंवा घराजवळच्या केंद्रांत हलवण्याचा पर्याय मार्गदर्शनात नोंदवला. फेब्रुवारी २०२२ नंतर युक्रेनमधून बाहेर पडलेल्या रुग्णांबाबत प्रश्न देशाच्या सीमेपलीकडचा झाला: वेगळा नियामक, वेगळी भाषा, आणि जुन्या केंद्रातल्या मूळ नोंदींपर्यंत पोहोचता येईलच याची खात्री नाही.