चेपलेला ग्लोब व्हॉल्व्ह म्हणजे पीआरव्ही नव्हे

वाफेच्या लाइनवरचा ग्लोब व्हॉल्व्ह सगळ्यांच्या हाताखालचा आहे. चाक फिरवलं की वाट अरुंद होते आणि पुढच्या गेजचा काटा खाली येतो. काटा 3 बारवर आला की ‘प्रेशर 3 ला सेट केलं’ असं वहीत लिहून लोक मोकळे होतात. सेट काहीच झालेलं नसतं, आणि हे वर्षानुवर्षं सांगूनही चालूच आहे. दाब सेट करणं हे पीआरव्हीचं, म्हणजे प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हचं काम.

अरुंद वाटेत दाब उतरतो तो वाफ वाहते म्हणून. वाहणं थांबलं की फरकही संपला. सुताला खळ लावून वाफेच्या सिलिंडरवर वाळवणारं सायझिंगचं मशीन बीम (सुताचा मोठा रूळ) बदलायला थांबवलं, पुढे वाफेला मागणी उरली नाही, तर बॉयलरचे 10 बार हळूहळू थेट सिलिंडरपर्यंत येऊन बसतात. पूर्ण थांबायचीही गरज नाही. 10 चे 3 केलेल्या व्हॉल्व्हमधून वाफेचा खप निम्म्यावर आला, तर हिशेबाने पुढचा दाब 9 बारच्या वर जातो. चाकाला कुणी बोटही लावलेलं नसतं.

पीआरव्हीचं लक्ष पुढच्या दाबावर असतं. डायफ्रामच्या, म्हणजे आतल्या लवचीक पडद्याच्या, एका बाजूने स्प्रिंग व्हॉल्व्ह उघडायला रेटते, दुसऱ्या बाजूने पुढच्या लाइनची वाफ तो मिटायला रेटते. खप घटून पुढचा दाब चढू लागला की वाफेचा जोर स्प्रिंगला भारी पडतो आणि वाट मिटत जाते. खप वाढला की उलट. म्हणजे वरच्या स्क्रूने आपण स्प्रिंगचा ताण, पर्यायाने दाब ठरवतो. वाट किती उघडायची ते व्हॉल्व्ह पाहतो. खप वाढला म्हणून तो स्क्रू आवळणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे: खप घटताच दाब त्या चढवलेल्या आकड्यावर जाणार.

साध्या स्प्रिंगच्या पीआरव्हीत जास्त उघडण्यासाठी पुढचा दाब आधी थोडा पडावाच लागतो. खप सारखा वरखाली होत असेल तर पायलटवालाच (छोट्या व्हॉल्व्हने मुख्य व्हॉल्व्ह हलवणारा) घ्या, त्यात ही घट फार कमी असते. त्याची सेन्सिंग लाइन, म्हणजे पुढचा दाब त्याच्यापर्यंत पोचवणारी बारीक नळी, मात्र व्हॉल्व्हच्या तोंडाशी किंवा बेंडवर जोडू नका. तिथली वाफ खळबळलेली असते. निदान मीटरभर पुढे, सरळ पाइपवर जोडा.

सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो तिथे, कचरा अडकला की पीआरव्हीही गळतो. त्याच्या पुढे सेफ्टी व्हॉल्व्ह हवाच, आणि पीआरव्ही पूर्ण उघडा अडकला तर जेवढी वाफ येईल तेवढी बाहेर सोडू शकेल असा हवा.