सांगली जिल्ह्यातील कादंबरी

सांगली जिल्ह्यात वाढलेल्या लेखकांनी तिथल्याच माणसांविषयी लिहिलेल्या मराठी कादंबऱ्यांचा विचार या नोंदीत केला आहे. वि. स. खांडेकर जन्माने सांगलीचे (१८९८), पण त्यांची लेखणी घडली शिरोड्याला आणि कोल्हापूरला. ‘ययाति’ (१९५९) महाभारतातल्या कथेवर उभी आहे. ज्ञानपीठ मिळवणाऱ्या या लेखकाचा उल्लेख म्हणून इथे एवढाच.

पावसाने या जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. पश्चिमेला शिराळा-वाळव्यात वारणा-कृष्णेचे पाणी, पूर्वेला आटपाडी-जतचा दुष्काळी पट्टा. कादंबरीतही हीच वाटणी उतरली आहे. वारणेच्या बाजूला धान्य असते, ते कुणाच्या तरी वाड्यात अडकलेले असते. आटपाडीकडे ते पिकतच नाही. म्हणून एकीकडच्या कादंबरीत बंड होते, दुसरीकडच्या कादंबरीत माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर पडतात.

बंडाची कादंबरी म्हणजे ‘फकिरा’ (१९५९). अण्णा भाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे (जन्म १९२०). शाळा जवळजवळ नाहीच. लहानपणीच कुटुंबाबरोबर ते मुंबईला गेले. गावाच्या मानासाठी जोगणी (जत्रेचा मान मिळवून देणारे देवीचे प्रतीक) आणताना राणोजी जीव गमावतो, आणि त्याचा मुलगा फकिरा पुढे उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो. ही कादंबरी अण्णा भाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली.

व्यंकटेश माडगूळकर (जन्म १९२७) आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे. हा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. ‘बनगरवाडी’त (१९५५) एक कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो. कारभारी त्याला हळूहळू आपला मानतो, वाडी मिळून तालीम बांधते. मग पाऊस दगा देतो आणि वाडी रिकामी होते. माडगूळकर शोक करत बसत नाहीत, फक्त बघतात. म्हणूनच तो शेवट इतका जिव्हारी लागतो. (ही कादंबरी आली तेव्हा जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा होते, ‘सांगली’ हे नाव १९६० मध्ये मिळाले.)

‘बनगरवाडी’ हातावेगळी झाली की लगेच नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’ वाचावी. गोरे जत तालुक्यातले. या कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. माडगूळकरांची पात्रे बोलीत बोलतात, पण निवेदन करणारा मास्तर बाहेरून आलेला आणि शिकलेला आहे. ‘फेसाटी’त शिकू पाहणारा पोर स्वतःच सांगतो, तेही जतच्या बोलीत. मास्तरासमोर पाटी घेऊन बसलेल्या पोराने साठ वर्षांनी स्वतः तोंड उघडावे, तसे हे वाचताना वाटते. पहिली काही पाने अडखळायला होते. ती मोठ्याने वाचावीत. कानाला बोली लवकर कळते.

जिल्ह्याबाहेरची, पण शेजारच्या कोल्हापूरची एक कादंबरी या वाचनाला जोडावीशी वाटते: कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ (साहित्य अकादमी पुरस्कार २०२३). धरणाने उठवलेल्या माणसांची आणि मागे राहिलेल्या जनावरांची ही गोष्ट आहे. पाण्याअभावी गाव सोडणारी माणसे ‘बनगरवाडी’त भेटतात, पाणी आले म्हणून उठावे लागलेली इथे. आज टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी आटपाडीच्या माळापर्यंत पोचले आहे आणि मेंढरांच्या वाटांकडेला डाळिंबाच्या बागा उभ्या आहेत. त्या पाण्यावरची कादंबरी अजून वाचायची आहे.