दारूचा इलाज दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर सुरू होतो

रोज पिणाऱ्या माणसाने दारू एकाएकी बंद केली की काही तासांतच हात थरथरू लागतात. चहाचा कप धरवत नाही, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, दिवस की रात्र कळत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेरचं काही लागलं. कारण मात्र मेंदूत असतं. मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचं काम दारू वाढवते आणि चेतवणाऱ्या ‘ग्लुटामेट’ला दाबते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदू तोल साधण्यासाठी स्वतःच जास्त चेततो. दारू थांबते, चेतणं थांबत नाही. यात जीवही जातो, म्हणून कुणाला घरात कोंडून दारू सोडवू नका. दवाखान्यात डायझेपामसारखी औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन साधारण आठवडाभरात हे आटोक्यात येतं.

हा आठवडा सरकारी विम्यात बसू शकतो. आयुष्मान भारत योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि मानसिक आजारांच्या पॅकेजमध्ये नशेमुळे होणारे विकारही आहेत. पण भरती झालात तरच. ओपीडी त्यात नाही आणि सुट्टीनंतरचा खर्च १५ दिवसांपर्यंतच.

गाडं अडतं ते इथे. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं सहा महिने, कधी वर्षभर घ्यावी लागतात, सोबत समुपदेशनही. काटोल किंवा रामटेकहून दर खेपेला नागपूर गाठायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. क्षयरोगाची सहा महिन्यांची औषधं सरकार आरोग्य केंद्रातून फुकट देतं. व्यसनालाही तोच न्याय लावायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

खासगी पॉलिसीत तर दारच बंद. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजार मानतो आणि असे आजार शारीरिक आजारांप्रमाणेच विम्यात घ्यायला सांगतो. तरीही विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांत, म्हणजे विम्यात न बसणाऱ्या गोष्टींच्या यादीत, व्यसनाचा उपचार आहेच! आपल्या पॉलिसीतलं अपवादांचं पान नक्की वाचा.

२०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षण अहवालानुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो. नागपुरात मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ या दोन्ही नंबरांवर फोन फुकट आहे. घरच्यांनी केला तरी चालतो.