गोल्फ क्लब मैदान : सभांचा वाद आणि त्यामागचा इतिहास

त्र्यंबक रोडवरच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला नाशिककर आजही गोल्फ क्लबच म्हणतात. गोल्फ इथून केव्हाच गेला. इंग्रजी अमदानीत मुंबईचे साहेबलोक रेल्वेने थळ घाट चढून नाशिकला खेळायला येत. सुमारे सहाशे मीटर उंचीवरची कोरडी हवा त्यांना मानवायची. गोल्फच्या पूर्ण कोर्सला शंभरावर एकर लागतात, त्या मानाने आजचं मैदान हा तुकडाच. गोल्फ आता देवळालीत, लष्कराच्या आवारात.

21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टरवर गोळ्या झाडणाऱ्या आणि 19 एप्रिल 1910 रोजी ठाण्यात फाशी गेलेल्या अनंत कान्हेरे या तरुणाचं नाव मैदानाला नंतर मिळालं.

मैदान महापालिकेकडे आहे. भोवतीच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटेपासून वर्दळ असते, आत मुलांचा क्रिकेटचा सराव चालतो. जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामनाही इथेच झाला. वाद आहे तो सभांचा. निवडणूक आली की पक्षांचे अर्ज येतात, एरवी प्रदर्शनवाल्यांचे. 2016 च्या मराठा क्रांती मूक मोर्चाचा समारोपही इथलाच. एवढा जनसमुदाय गावाच्या मध्यात मावेल अशी दुसरी जागा कुठे आहे, हा परवानगी देणाऱ्यांचा मुद्दा. तो खोटा नाही.

पण सभा एका संध्याकाळची असली तरी मैदान त्यात अनेक दिवस अडकतं. आधी मंडपाचे खांब, मग ट्रक, जनरेटर, बॅरिकेड्स. काळ्या मातीची खेळपट्टी पाणी आणि रोलर देऊन आठवडे राखावी लागते. तिच्याभोवती दोर बांधला तरी बाकीच्या गवताचं काय? ओल्या जमिनीवर चाकांच्या चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगडासारख्या कडक होतात आणि चेंडू कुठेही उसळतो. खड्ड्यांतले खिळे आणि खडी वेचायला सरावाला आलेली पोरंच वाकतात. भाड्याचे पैसे पालिकेला मिळतात, पण मैदान पूर्ववत करण्याची जबाबदारी परवानगीपत्रात कितीही ठळक लिहिली तरी पाळली जातेच असं नाही. अनामत मोठी घ्या, ती मैदान तपासल्याशिवाय परत करू नका, एवढी साधी मागणी खेळाडूंनी आणि फिरायला येणाऱ्यांनी वारंवार केली आहे. सभेवर बंदी घालण्यापेक्षा ती नक्कीच माफक आहे.

पर्याय म्हणून डोंगरे वसतिगृह मैदानाचं नाव निघतं. प्रदर्शनांना ते चालतं, मोठ्या सभेला अपुरं पडतं. तपोवनातली साधुग्रामची, म्हणजे कुंभमेळ्यात साधूंच्या मुक्कामाची जागा मोठी, पण तिचं पहिलं काम सिंहस्थ कुंभमेळ्याचं. 2026-27 च्या पर्वात ती सभांसाठी मोकळी मिळणं कठीण आहे, म्हणजे त्या काळातले अर्जही गोल्फ क्लबकडेच वळणार.