उंदरांवर चालले म्हणजे माणसांवर चालेल?

प्रयोगशाळेत एखाद्या संयुगाने उंदरांची चरबी घटली की ते माणसांनाही लागू पडणार, उरली आहे ती केवळ परवानगीची औपचारिकता, हा समज अनेक वर्षे टिकून असला तरी चुकीचा आहे. १९९४ मध्ये भूक आवरणाऱ्या लेप्टिन या संप्रेरकाचा शोध लागला आणि ते जन्मतः न बनणारे लठ्ठ उंदीर त्याच्या इंजेक्शनांनी झपाट्याने बारीक झाले. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात मात्र लेप्टिन आधीच भरपूर असते आणि मेंदू त्याला पुरेशी दाद देत नाही, त्यामुळे चाचण्यांत फारसे काही साधले नाही. जन्मतः लेप्टिनच नसलेल्या मोजक्या रुग्णांना तेवढा त्याचा खरा उपयोग झाला.

उंदरांची चरबी घटवणारी एसआर ९००९ सारखी संयुगे तर माणसांवरील चाचण्यांतून गेलेलीच नाहीत, तरी ती ‘केवळ संशोधनासाठी’ अशा चिठ्ठीखाली विकली जातात. ही चिठ्ठी विक्रेत्याची पळवाट आहे, सुरक्षिततेची हमी नव्हे. उंदराची मात्रा वजनाच्या पटीत वाढवून माणसाची मात्रा मिळत नाही, कारण लहान प्राण्यांचा चयापचय बराच वेगवान असतो. १९३० च्या दशकात अशाच घाईने वापरलेल्या डायनायट्रोफेनॉल या रसायनाने चरबी खरोखर जळली, पण मोतीबिंदू झाले, शरीराचे तापमान अनावर वाढून माणसे दगावली, आणि १९३८ मध्ये अमेरिकेत ते मानवी सेवनास अयोग्य ठरवले गेले.